लॅपटॉप विकत घ्यायचा, की कॉम्प्युटर जुळवायचा?

मुलांनो, दहावीचा निकाल लागला, की आमच्या मालाडमध्ये घरोघरी एक नवा वाद सुरू होतो. आई म्हणते, "आधी अकरावीची फी." बाबा म्हणतात, "आधी क्लासचं बघू." आणि ज्याचा निकाल लागलेला असतो तो म्हणतो, "ते सगळं ठीक आहे, पण मला कबूल केलेला कॉम्प्युटर कधी?" मग आत्या, मामा, शेजारचे काका अशी सगळी मंडळी सल्ला द्यायला सरसावतात. कुणी म्हणतं, "सरळ गेमिंग लॅपटॉप घेऊन टाका, कटकटच नको." कुणी म्हणतं, "छे! लॅमिंग्टन रोडला जा, सुटे भाग घ्या आणि डेस्कटॉप जुळवून घ्या. तेवढ्याच पैशात दुप्पट काम होईल."

गंमत म्हणजे दोघांचंही थोडं खरं असतं आणि थोडं चुकीचं असतं. पण साठ-सत्तर हजार रुपये म्हणजे काही कोथिंबिरीची जुडी नव्हे. कित्येक घरांत ती वर्ष-दोन वर्षांची शिल्लक असते, आईला लागलेला भिशीचा नंबर असतो, नाहीतर बाबांनी केलेला ओव्हरटाईम असतो. तेव्हा चला, आज आपण हा प्रश्न नीट सोडवू. गणित सोडवतो ना, अगदी तसाच. आधी दिलेलं काय आहे ते लिहायचं, मग काय काढायचंय ते, आणि मगच उत्तर!

आधी बांधला, मग विकत घेतला

'विकत घ्यायचा की स्वतः बनवायचा' हा प्रश्न तुमच्या घरी पहिल्यांदा पडलेला नाही बरं का! तो आपल्या मुंबईत सत्तर वर्षांपूर्वी पडला होता आणि तोही फार मोठ्या माणसांना.

कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था तुम्ही ऐकली असेल. डॉ. होमी भाभांनी स्थापन केलेली. तिथल्या शास्त्रज्ञांना १९५० च्या दशकात मोठमोठी आकडेमोड करायला यंत्र हवं होतं. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुण चमूने ठरवलं, की आपणच बांधू. १९५६ साली त्यांनी आधी एक छोटं नमुन्याचं यंत्र चालवून दाखवलं. मग १९६० साली पूर्ण आकाराचा संगणक सुरू झाला. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं 'टिफ्रॅक'.

या टिफ्रॅकची स्मरणशक्ती किती होती, सांगा पाहू? २,०४८ शब्द आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. करा गुणाकार. ८१,९२० बिट झाले. आठ बिटांचा एक बाईट, म्हणजे १०,२४० बाईट. बरोबर दहा किलोबाईट! आज तुम्ही ज्या १६ जीबी रॅमसाठी हट्ट धरता, ती याच्या सुमारे १७ लाख पट भरते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. याच संस्थेने १९६४ साली 'सीडीसी ३६००' नावाचा मोठा संगणक अमेरिकन कंपनीकडून चक्क विकत घेतला. आधी बांधला आणि मग विकतही घेतला! यात कुठेही कमीपणा नव्हता. काम वाढलं होतं, त्याला मोठं यंत्र हवं होतं. आणि हाताने संगणक बांधलेली माणसं घरातच होती. विकत घेतलेल्या यंत्राच्या पोटात काय चाललंय, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

पुण्यात नेमकं उलटं झालं

आता दुसरी गोष्ट. १९८० च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी महासंगणक हवा होता. तो अमेरिकेच्या 'क्रे' कंपनीकडे होता. पण अमेरिकेच्या सरकारने आपल्याला हवं होतं ते मोठं यंत्र द्यायला नकार दिला. दिलं ते कमी ताकदीचं, आणि तेही अटी घालून.

मग १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था सुरू झाली. प्रमुख होते अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर. त्यांच्या चमूने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्याच्या आत काय होतं, ठाऊक आहे? ब्रिटनच्या एका कंपनीच्या 'ट्रान्सप्युटर' नावाच्या चिप्स. त्या बाजारात विकत मिळत होत्या. अशा कितीतरी चिप्स एकमेकींना जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घ्यायचं, ही युक्ती मात्र आपल्या माणसांची. जोडणीही त्यांची आणि सॉफ्टवेअरही त्यांचं.

यातून एक धडा घ्या. 'स्वतः बनवणं' म्हणजे प्रत्येक स्क्रू स्वतः घडवणं नव्हे. चांगले भाग निवडणं, ते एकमेकांशी जुळवणं आणि कुठला भाग कशाला आहे हे समजून घेणं, हेही बनवणंच आहे. आपली आई गहू शेतात पिकवत नाही, पण पोळी तीच करते ना?

सुटे भाग एकमेकांत बसतात कसे?

एका कंपनीचा प्रोसेसर, दुसरीचा मदरबोर्ड, तिसरीची रॅम. तरी सगळं बसतं. हे कसं काय?

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाई होती म्हणून तिने बरेचसे भाग बाहेरच्या कंपन्यांचेच वापरले आणि यंत्राची तांत्रिक माहितीही छापून प्रसिद्ध केली. झालं! इतर कंपन्या तसेच भाग आणि तशीच यंत्रं बनवू लागल्या. पुढे १९९५ साली इंटेल कंपनीने 'एटीएक्स' नावाचं माप ठरवून दिलं. मदरबोर्ड केवढा, त्याला स्क्रूची भोकं कुठे, वायर कुठे जोडायची, हे सगळं ठरलं. जसा आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा बल्ब कुठल्याही होल्डरमध्ये बसतो, तसंच हे. म्हणूनच डेस्कटॉप जुळवता येतो.

लॅपटॉपचं तसं नाही. प्रत्येक मॉडेलचा मदरबोर्ड वेगळा, पंखा वेगळा, बॅटरी वेगळी. जागा कमी असते ना! त्यामुळे बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. एसएसडी सहसा बदलता येते. रॅम काही मॉडेलमध्ये बदलता येते, काहींत तीही पक्की असते. घेण्यापूर्वी दुकानदाराला हा प्रश्न विचारायलाच हवा.

खेळाला एवढी ताकद कशाला लागते?

आई-बाबांना 'गेमिंग' हा शब्द ऐकला तरी राग येतो. पण आधी हे गणित बघा.

साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. चित्र हलतं दिसायला ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचं. म्हणजे एका सेकंदात १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके रंगवायचे!

प्रोसेसर म्हणजे आमच्या हेडबाई. अतिशय हुशार, कुठलंही अवघड काम करणाऱ्या, पण एकट्या. ग्राफिक्स कार्ड म्हणजे आख्खी शाळा. प्रत्येक मुलाला एक-एक चौकोन रंगवायला दिला, की चित्र चुटकीसरशी तयार. ही 'आख्खी शाळा' फक्त खेळासाठी राबत नाही. व्हिडिओ एडिटिंग, इमारतीचे त्रिमिती आराखडे, कार्टून बनवणं, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग, या सगळ्यांना तीच लागते. म्हणून 'गेमिंग' या नावाला घाबरू नका. आणि मुलांनो, तुम्हीही 'अभ्यासासाठी हवा' असं खोटं सांगू नका! गुगलवर माहिती शोधायला, प्रकल्प लिहायला आणि ऑनलाईन तासाला साधा कॉम्प्युटर पुरतो. खेळायचं असेल तर खेळायचं आहे असंच सांगावं. मग हिशेबही खरा होतो.

नाव एकच, ताकद वेगळी

आता एक महत्त्वाची खूणगाठ. दुकानात लॅपटॉपवर चकचकीत स्टिकर असतो, 'आरटीएक्स ४०७०' वगैरे. डेस्कटॉपचं कार्डही त्याच नावाचं मिळतं. मग दोन्ही सारखेच का? मुळीच नाही!

एनव्हिडियाच्या डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये रंगवणारी ५,८८८ 'मुलं' आहेत आणि १२ जीबीची स्वतःची मेमरी आहे. त्याच नावाच्या लॅपटॉपच्या चिपमध्ये ४,६०८ 'मुलं' आहेत आणि मेमरी ८ जीबी. शिवाय डेस्कटॉपचं कार्ड २०० वॉटपर्यंत वीज घेतं. लॅपटॉपच्या पातळ पोटात एवढी उष्णता निघाली, तर तो इस्त्रीसारखा तापेल. म्हणून त्याला कमी वीज द्यावी लागते आणि फार तापला, की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. दमलेला मुलगा धावता-धावता चालायला लागतो ना, तसा.

एवढंच कशाला, एकाच चिपचे दोन लॅपटॉपसुद्धा सारखे नसतात. एक कंपनी त्या चिपला जास्त वॉट देते, दुसरी कमी. म्हणून नुसतं नाव वाचू नका. 'ग्राफिक्सला किती वॉट मिळतात?' हे विचारा. दुकानदार चमकून बघेल. बघू दे!

लॅपटॉपच्या बाजूने

पण म्हणून लॅपटॉप वाईट असं समजू नका. त्याच्या बाजूनेही भक्कम मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा जागेचा. मालाडमध्ये किती घरांत कॉम्प्युटरला वेगळं टेबल ठेवता येतं? दहा बाय बाराच्या खोलीत रात्री गाद्या पसरल्या, की पाय ठेवायला जागा नसते. लॅपटॉप मिटला, की कपाटात जातो.

दुसरा मुद्दा प्रवासाचा. ताई बारावीनंतर शिकायला गावोगावच्या होस्टेलवर जाणार असेल, दादाला रोज कॉलेजात यंत्र न्यावं लागत असेल, तर डेस्कटॉप काय लोकलच्या गर्दीत डोक्यावर घेऊन जाणार?

तिसरा मुद्दा विजेचा. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो का? सकाळी आख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा शाळा ऑनलाईन होत्या. बॅटरी असलेली यंत्रं तेवढी चालू राहिली. डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर वीज गेल्या क्षणी सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जातं. आणि गावाकडे जिथे भारनियमन असतं, तिथे तर हा मुद्दा फारच मोठा. मात्र लक्षात ठेवा, गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर मोठा खेळ नीट चालवत नाही. त्या वेळी त्याचा वेग उतरतो आणि बॅटरीही झटकन संपते. खेळायला त्याला प्लग लागतोच.

चौथा मुद्दा बिलाचा. समजा, खेळताना डेस्कटॉप मॉनिटर धरून ३०० वॉट घेतो आणि लॅपटॉप १५० वॉट. रोज दोन तास, महिन्याचे ६० तास. १,००० वॉट एक तास चालले, की एक युनिट. म्हणजे डेस्कटॉपचे १८ युनिट, लॅपटॉपचे ९. घरातलं विजेचं बिल काढा आणि या ९ युनिटांचे किती रुपये होतात, ते तुम्हीच लिहा.

डेस्कटॉपच्या बाजूने

आता दुसरी बाजू. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी काय केलं, ते सांगते. वडील रिक्षा चालवतात, आई घरी डबे करते. मुलीला कार्टून बनवायला शिकायचं होतं, धाकट्या भावाला खेळायचं होतं. हप्त्यावर गेमिंग लॅपटॉप घ्यावा असं घाटत होतं. आईने सरळ विचारलं, "हप्ते दोन वर्षं, आणि मध्येच बिघडला तर?" कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मग त्यांनी टप्पे पाडले. पहिल्या टप्प्यात असा प्रोसेसर घेतला, ज्याच्या आतच साधं ग्राफिक्स असतं. कार्ड घेतलंच नाही. मॉनिटर ओळखीच्यांकडून जुना मिळाला. मुलीचं शिकणं सुरू झालं, भावाचे हलके खेळही चालले. दुसऱ्या दिवाळीला रॅम वाढवली. त्याच्या पुढच्या वर्षी ग्राफिक्स कार्ड आलं. एकही हप्ता नाही, एक रुपया व्याज नाही! लॅपटॉप असा तुकड्यातुकड्याने घेता येत नाही. तो घ्यायचा तर आख्खाच.

दुरुस्तीचंही तसंच. डेस्कटॉपचा एसएमपीएस जळला, तर एसएमपीएस बदलायचा. लॅपटॉपची ग्राफिक्स चिप गेली, तर बहुधा आख्खा मदरबोर्ड बदलायची पाळी येते. वॉरंटी संपली असेल, तर तो खर्च ऐकून बाबा खाली बसतात.

आणि डेस्कटॉप म्हातारा झाला तरी सगळाच टाकावा लागत नाही. एएमडी कंपनीचं 'एएम ४' नावाचं सॉकेट घ्या. ते २०१६ साली आलं आणि २०२२ सालीही त्यात बसणारे नवे प्रोसेसर निघत होते. म्हणजे जुना मदरबोर्ड ठेवून नुसता प्रोसेसर बदलता आला. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड तर वर्षानुवर्षं चालतात.

आणखी एक मुद्दा, जो मला शिक्षिका म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. डेस्कटॉप घरातल्या एका कोपऱ्यात असतो, सगळ्यांच्या समोर. तो घराचा असतो. लॅपटॉप मात्र 'दादाचा' होतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा एका मोबाईलवर तीन-तीन भावंडं तास करत होती. त्यात मुलीचा नंबर शेवटचा लागला, असं एकाच घरात घडलं नाही. घरात वस्तू एकच येणार असेल, तर ती सगळ्यांच्या हाताला लागेल अशी असावी.

मालाडची हवा, मालाडचं पाणी

दुकानदार सांगणार नाही, पण आपल्याला इथलं हवामान विसरून चालत नाही. मार्वेची खाडी जवळ, हवा दमट आणि खारी. बांधकामांची धूळ तर बारा महिने. यंत्राच्या पंख्यात धूळ साचली, की उष्णता बाहेर जात नाही. डेस्कटॉपची बाजू उघडून दर दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रशने धूळ काढता येते. लॅपटॉप उघडायला माहीतगार माणूस लागतो. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून कधीही खेळू नका. त्याच्या श्वासाची भोकं खालीच असतात!

आता पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आई-बाबांना विचारा. ते अजून ती रात्र सांगतील. आजही जोराचा पाऊस झाला, की मालाडचा सबवे भरतो आणि सखल वस्त्यांत पाणी शिरतं. तुमचं घर तळमजल्यावर असेल, तर कॅबिनेट जमिनीवर मुळीच ठेवू नका. भिंतीला पक्की फळी ठोका आणि त्यावर ठेवा. पाणी वाढायला लागलं, तर मेन स्विच आधी मोठ्या माणसाने बंद करायचा. लॅपटॉप मात्र अशा वेळी उचलून माळ्यावर टाकता येतो, हा गुण त्याच्याकडेच.

लॅमिंग्टन रोडला जाण्यापूर्वी

मालाडहून चर्चगेटची स्लो लोकल पकडायची आणि ग्रँट रोडला उतरायचं. फास्ट पकडलीत, तर ती तिथे थांबत नाही. स्टेशनच्या पूर्वेला थोडं चाललं, की लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. जुनं नाव १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून पडलं, आणि लोकांच्या तोंडी तेच राहिलं. कॉम्प्युटर जुळवणाऱ्यांची ही मुंबईतली जुनी पेठ. घराजवळच्या दुकानातही भाग मिळतात, ऑनलाईनही मिळतात. घ्या कुठेही, पण पुढची तयारी करूनच निघा.

एक : यादी आधी वहीत लिहा. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, यूपीएस. लागलं तर ग्राफिक्स कार्ड. पुष्कळ जण मॉनिटर आणि यूपीएस धरतच नाहीत आणि मग 'डेस्कटॉप स्वस्त पडला' म्हणतात! लॅपटॉपशी तुलना करताना हे सगळं धरायचं.

दोन : जुळतं का ते बघा. प्रोसेसरचं सॉकेट आणि मदरबोर्डचं सॉकेट एकच हवं. डीडीआर ४ ची रॅम डीडीआर ५ च्या खाचेत बसत नाही, तिची खूण वेगळ्या जागी असते. जोर लावाल तर मोडेल.

तीन : एसएमपीएसमध्ये काटकसर नको. समजा, प्रोसेसर ६५ वॉट, कार्ड ११५ वॉट, बाकी ७० वॉट. झाले २५० वॉट. मग चांगल्या कंपनीचा ४५० ते ५०० वॉटचा घ्या. हलका एसएमपीएस जळताना बाकीच्यांनाही घेऊन जातो.

चार : भाव त्याच आठवड्यात विचारा. हे भाव सतत हलतात. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केली. गेल्या वर्षीचा भाव धरून निघालात, तर अर्ध्या वाटेवरून परत यावं लागेल.

पाच : पक्कं बिल घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवायला 'बिलाशिवाय देतो' असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करून बाहेर पडा. बिल नाही, तर वॉरंटी नाही. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. डेस्कटॉपच्या प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, तेव्हा सगळी बिलं एका पिशवीत जपून ठेवा.

सहा : 'विंडोज टाकून देतो, पैसे नकोत' या वाक्याला भुलू नका. ते चोरीचं असतं आणि त्यातून व्हायरसही घरी येतो. पुष्कळ लॅपटॉपबरोबर खरं विंडोज मिळतं. डेस्कटॉपला ते वेगळं विकत घ्यावं लागतं, तेही यादीत धरा. नाहीतर लिनक्स आहेच, फुकट आणि कायदेशीर. मात्र काही मोठे खेळ त्यावर चालत नाहीत, हे आधी बघून घ्या.

जुळवायचं काम पहिल्यांदा मोठ्या, जाणत्या माणसाबरोबरच करा. प्लग काढलेला हवा. भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. विजेचा तो बारीकसा चटका आपल्याला जाणवतही नाही, पण चिप मरू शकते. आणि एसएमपीएस मात्र कधीच उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहते.

आई-बाबांसाठी चार शब्द

आई-बाबांनो, यंत्र कुठलंही घ्या, ते बसायच्या खोलीत ठेवा. खेळायची वेळ मुलांशी बोलून ठरवा आणि कागदावर लिहून भिंतीला लावा. तुमच्या कार्डाचा नंबर खेळात साठवून ठेवू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर २०२५ साली संसदेने कायदा करून बंदी घातली आहे, हेही मुलांना समजावून सांगा.

दुकानदार वॉरंटी नाकारत असेल, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही सुरू केलं आहे. आणि जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तो अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या.

मग उत्तर काय?

मुलांनो, आता वहीच्या एका पानावर दोन रकाने आखा. एकावर लिहा 'लॅपटॉप', दुसऱ्यावर 'डेस्कटॉप'. खाली हे पाच प्रश्न. यंत्र घराबाहेर न्यावं लागणार आहे का? घरात किती जण वापरणार? पैसे आज सगळे आहेत, की थोडे-थोडे जमणार? ठेवायला कायमची जागा आहे का? तीन वर्षांनी एखादा भाग बिघडला, तर काय करणार? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ज्याच्या बाजूने जाईल, त्या रकान्यात एक खूण करा.

मला विचाराल, तर सांगते. यंत्र घरीच राहणार असेल, भावंडं दोन असतील आणि पैसे हळूहळू जमणार असतील, तर डेस्कटॉप जुळवा. त्याच पैशात ताकदही जास्त मिळेल आणि शिकायलाही मिळेल. यंत्र रोज पाठीवर घेऊन जायचं असेल, किंवा घरात टेबलापुरतीही जागा नसेल, तर लॅपटॉपच घ्या. फक्त कॉलेजच्या अभ्यासासाठी हवा असेल, तर गेमिंगचा नको. साधा, हलका घ्या आणि उरलेले पैसे आईला परत द्या.

खुणा मोजून झाल्या, की ते पान आई-बाबांसमोर ठेवा. रुसून बसण्यापेक्षा त्याचा नक्कीच जास्त उपयोग होईल. आणि हो, पानाच्या तळाशी एक ओळ मोकळी सोडा. तिथे आई काय म्हणते, ते लिहायचं!